बुधीचं फडकं

आमच्या काशीला दगड म्हणणारी पहिली बाई मीच. तोंडावर म्हटलं होतं, मागून नाही. ती माझी धाकटी जाऊ, दोघींची घरं एकमेकींना चिकटून, मध्ये फक्त एक भिंत. तिने चुलीपुढे भाकरी थापली तरी मला माझ्या पडवीत कळतं. म्हणजे ती रडली असती तर तेही कळलंच असतं. दोन वर्षांत एकदाही कळलं नाही.

तिची एकुलती एक लेक प्राप्ती दोन वर्षांमागे गेली. ऐन लावणीत ताप भरला, डोळे पिवळे झाले, अलिबागला नेली, तिथून मुंबईला. लेप्टो म्हणाले. उंदराच्या नाहीतर गुरांच्या मुतातून पाण्यात येतो म्हणे तो रोग. शेतात चिखल, गोठ्यात चिखल, त्यातून कुठून लागला ते कोण सांगणार? पोर चालती बोलती गेली आणि गाडीतून आणावी लागली. सगळं गाव रडलं. मी तर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. काशी भिंतीला टेकून बसली होती आणि कोणीतरी आत येताना पायाने उलटी केलेली चप्पल सरळ करून ठेवत होती.

ही प्राप्ती काय पोर होती ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बारावी झाल्यावर तिच्या बापाने, म्हणजे माझ्या धाकट्या दिराने, अनंताने, तिला सांगितलं की मुंबईला मावशीकडे राहा आणि एखाद्या मॉलमध्ये लाग. आमच्या तळा तालुक्यातली निम्मी पोरं तेच करतात. ही म्हणाली, मला न्हाय जायचं. मग करणार काय, तर ते माहीत नाही. अनंताचा टेम्पो आहे. भात झोडून झालं की तो इकडचा पेंढा पनवेलच्या बाजूच्या तबेल्यांना पोचवतो. एक दिवस ही बापाबरोबर टेम्पोत बसून गेली. तिथे तबेल्यात कोपऱ्याला नुकती जन्मलेली एक पारडी पडलेली, नाळ अजून ओली. तबेलेवाल्याला म्हशीचं पिल्लू म्हणजे नसती ब्याद. ते जेवढं दूध पिणार तेवढं त्याला विकायला कमी पडणार. म्हणाला, पाहिजे तर घेऊन जा. येताना ही बापाशेजारी पुढे बसलीच नाही. मागे, उरल्यासुरल्या पेंढ्यात, पारडीचं डोकं मांडीवर घेऊन आली.

तो बुधवार होता म्हणून तिचं नाव बुधी. मग सोमी आली, मग शुक्री. मंगळवारी एक आली तिचं नाव मंगळी ठेवायला मी आडवी आले. म्हटलं, बाई, म्हशीचंसुद्धा लग्न जमायचं नाही.

सुरुवातीला मी हसले तिला. पण पोरगी पक्की होती. कोल्ड्रिंकच्या बाटलीला रबरी बोंडी लावायची, दूध मनगटावर टाकून बघायची, जास्त गरम नको, गार तर मुळीच नको. पारडीचं तोंड फार वर धरायचं नाही, ठसका लागून दूध छातीत जातं. पाजून झालं की ओल्या गोणपाटाने पाठ चोळायची, कारण आई असती तर तिने चाटलं असतं. बुधी जगली, पण तिच्यामागच्या दोन दगावल्या. पुढे मात्र एक दगावू दिली नाही. आणि मायेत वाहवत जाणारी नव्हती हां. माद्याच घ्यायची, त्या वाढवायच्या, गाभण राहिल्या की विकायच्या. कोणी लहानपणीच मागितली तर सरळ नाही म्हणायची. मला म्हणायची, "मोठी आई, माया येगली, धंदा येगला." गिऱ्हाईक शोधायला मोबाईलवर पारड्यांचे व्हिडिओ काढायची. गोठ्याच्या दारात उभी राहून हाक मारायची आणि पारड्या उधळत येताना दिसायच्या.

ती हाक काशीची होती. प्राप्ती लहान असताना दिवसभर उनाडायची, आणि संध्याकाळी काशी मागच्या दारात उभी राहून साद घालायची, "ये गो बाय, ये गो माजे बाय." सगळ्या वाडीला ऐकू जायचं. पोर मोठी झाली आणि तीच हाक, त्याच सुरात, तिने पारड्यांना लावली. आम्ही दोघी हसायचो त्यावर. आवाज तर इतका सारखा की आईने मारली का लेकीने ते मला भिंतीपलीकडून ओळखू यायचं नाही.

तर पोरीला पोचवून माणसं परतली त्या संध्याकाळी गोठ्यात बाटलीवरच्या पारड्या बोंबलत होत्या. सकाळपासून कोणाला सुचलंच नव्हतं. मी पदर खोचते तोवर काशी उठली होती. तिने दूध कोमट केलं, बाटल्या भरल्या, गेली. पारड्या तिला घेईनात. बोंडी तोंडात घालायची, बाहेर टाकायच्या, मान फिरवायच्या. गोठ्यात खुंटीला प्राप्तीची ओढणी होती, कामाची, पिवळी, तिच्यावर दुधाचे आणि शेणाचे डाग. काशीने ती काढून अंगावर घेतली. वास आला तशा पारड्या पुढे झाल्या आणि चुरूचुरू प्यायला लागल्या. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता फुटेल, आता ही मोकळी होईल. ती म्हणाली, "आक्का, दुसरी बाटली द्या."

तेव्हापासून ती ओढणी तिच्या अंगावर. धंदा तिने सोडला नाही. अनंता जाताना पेंढा नेतो, येताना पारडी आणतो, ही वाढवते, विकते. नावं मात्र ठेवत नाही. आणि हाक मारत नाही. गोठ्यात एक शब्द बोलत नाही. पारड्यासुद्धा तशाच वाढल्या, मुक्या, पायांचा आवाज ऐकून गपचूप येऊन उभ्या राहणाऱ्या. ओढणी तिने धुतली नाही कधी. मी एकदा धुवायला मागितली तर नुसती बघत राहिली, मग मी विषय सोडला.

प्राप्तीचा मोबाईल बंद करून पत्र्याच्या पेटीत ठेवलाय. अनंता आणि ती एकाच घरात राहतात, पण जेवताना मला भांड्यांशिवाय आवाज येत नाही. मी तिला किती सांगितलं असेल. रड बाई. मला शिव्या दे. देवाला शिव्या दे. म्हणायची, "मला काय होत न्हाय, आक्का. खरंच काय होत न्हाय." एकदा माझं डोकंच फिरलं आणि मी म्हटलं, तू दगड आहेस. तर तिने मान हलवली, व्हय म्हणून. आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

मागच्या वर्षी बुधी गाभण राहिली. प्राप्तीने हाताने वाढवलेल्यांपैकी तीच शेवटची उरली होती. श्रीवर्धनहून काळूराम आणि त्याची बायको रतन तिला घ्यायला आले. त्यांची सुपारीची वाडी आहे, दारात एक म्हैस हवी होती. बुधी लहान असतानाच त्यांनी मागितली होती. तेव्हा प्राप्तीने त्यांना गाभण राहिल्याशिवाय देत नाही म्हणून कळवलं होतं. काशीने शब्द पाळला. बुधी टेम्पोत चढली तेव्हा तिने पाठीवर थाप मारली आणि आत गेली.

आता आमच्याकडची एक रीत आहे. जनावर विकलं तरी त्याचं दावं द्यायचं नाही, ते आपल्या गोठ्यात राहतं. पण गाभण म्हैस असेल तर तिला रोज हाताळणाऱ्या बाईचं एक फडकं बरोबर द्यायचं. म्हैस माणूस लावून घेते. गाईसारखं नाही तिचं, परका हात लागला की दूध वर चढवते, मग तुम्ही डोकं आपटा. नवीन घरची बाई ते फडकं अंगावर घेऊन धारेला बसते, चार दिवसांत म्हैस तिला ओळखायला लागते, मग फडकं सुटतं. माझ्या सासूच्या वेळी तर बाई आजारी पडली की बाप्ये तिचं लुगडं गुंडाळून धारेला बसायचे. कोणी हसत नसे.

काशीने रतनच्या हातात एक फडकं दिलं. मी पुढे होऊन बघितलं तर तिच्या स्वतःच्या जुन्या साडीचा तुकडा, पेटीतून काढलेला, घडीच्या रेषांसकट. ओढणी तिच्या अंगावरच होती. बुधीने लावून घेतलेलं माणूस म्हणजे प्राप्ती, तेव्हा खरं फडकं कुठलं ते मला माहीत होतं आणि तिलाही.

या होळीनंतर रतनचा फोन आला, अनंताच्या मोबाईलवर. बुधी व्याली होती, पण पारडू मेलेलंच बाहेर पडलं. आणि आता ती थेंब देत नव्हती. डॉक्टर येऊन गेले, सुई देऊन एकदा काढलं, म्हणाले रोज असं चालायचं नाही, कास दगडासारखी होईल आणि म्हैस कायमची जाईल. रतनने काशीचं फडकं लावून बघितलं, नवऱ्याने बघितलं, शेजारणीने बघितलं. बिचारी भांडत नव्हती. एवढंच विचारत होती, की ताई, फडकं दुसरं काही आहे का?

अनंताने फोन काशीकडे दिला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ठेवला. मग माझ्या पडवीत येऊन बसली. अंगावरच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. म्हणाली, द्यायला पायजे. मी म्हटलं, व्हय, द्यायला पायजेच, आपल्या घरचं जनावर हाय. तोंडाने म्हटलं खरं. पण पेटीतला बंद मोबाईल सोडला तर त्या पोरीचं हातात धरण्यासारखं त्या घरात दुसरं काही उरलं नव्हतं. कपडे मावशीने नेऊन वाटून टाकले होते. काशी म्हणाली, "ही बी गेली की मंग काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पारड्यांना पाजून आम्ही टेम्पोने निघालो. अनंता, मध्ये काशी, खिडकीला मी. मला तर गप्प बसवत नाही, मी आपली म्हसळ्यापर्यंत रस्त्याला, खड्ड्यांना, सरकारला शिव्या घालत होते. पुढे समुद्र दिसला तेव्हा मी म्हटलं, बघ गो, समुद्र. काशीने बघितला. भिंत बघावी तसा बघितला.

रतनने धार आमच्यासाठी थांबवून ठेवली होती. गोठा वाडीच्या मागे, सुपारीच्या सावलीत, स्वच्छ. बुधी पाठमोरी उभी होती. काय जनावर झालं होतं, काळं कुळकुळीत, कपाळावर तो पांढरा ठिपका. पण डोळे मेलेले. कास फुगून तडतडलेली. तिने मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि परत गव्हाणीकडे केली.

काशी ओढणी अंगावर घेऊन बसली. आधी हाताने कास शेकली, कोमट पाण्याने. आचळ धरले. काही नाही. ओढणीचं टोक बुधीच्या नाकाशी नेलं. बुधीने हुंगलं, एकदा, दोनदा. मग तिने फुर्र करून नाक झाडलं आणि पाय उचलला. काशीने पुन्हा आचळ धरले. पुन्हा. हाताला रग लागेपर्यंत. कळशी कोरडीच.

त्या क्षणी मला जे कळलं ते काशीलाही कळलं असणार. दोन वर्षं ती ओढणी हिच्याच अंगावर. तिच्यात आता काशीचाच घाम, काशीचाच धूर. पोरीचा वास कधीच उडून गेला होता. जे द्यायला एवढं जिवावर आलं होतं ते द्यायला तिच्याकडे नव्हतंच. तिने ओढणी हातात घेतली, नाकाशी धरली, खाली मांडीवर ठेवली. तोंडावर एक रेष हलली नाही. मला वाटलं उठून तिला गदगदा हलवावं.

काळूराम वैतागला होता, आणि त्याचं काय चुकलं? म्हणाला, ही तीच का पण? आम्हाला दाखवलेली ती किती माणसाळलेली, धावत येणारी, ही तर कुणाला जवळ घेत नाही. रतनला राग आला. म्हणाली, कपाळावरचा ठिपका बघा, माझ्याकडे व्हिडिओ हाय तेव्हाचा, दाखवते. तिने कमरेचा मोबाईल काढला, बोटाने वर वर सारत गेली आणि लावला.

गोठ्यात प्राप्तीचा आवाज आला.

"ये गो बाय, ये गो माजे बाय. ये, ये, ये."

मग तिचं हसणं. मग पुन्हा तेच.

अनंता दारात उभा होता तो दोन्ही हातांनी चौकट धरून तसाच उभा राहिला. मी गव्हाणीच्या कठड्यावर बसले. बुधीचे कान उभे झाले. तिने मान वळवली, मोबाईलकडे नाही, दाराकडे, कोणीतरी येणार असल्यासारखी. आणि बघता बघता आचळ फुगले, टिपटिप दूध गळायला लागलं, काशीच्या हातावर, ओढणीवर, जमिनीवर.

रतन घाबरून व्हिडिओ बंद करायला गेली. काशी म्हणाली, "नको. राहू दे."

आणि ती धारा काढायला लागली. व्हिडिओ संपला की रतन पुन्हा लावायची. ये गो बाय. हसणं. ये गो बाय. किती वेळा लावला कोण जाणे. कळशी भरली, दुसरी आणली. काशीचे हात थांबले नाहीत आणि तिने वर बघितलं नाही. कपाळ बुधीच्या पोटाला टेकवून ती बसली होती. म्हैस रवंथ करायला लागली.

झाल्यावर रतनने चहा केला. म्हणाली, ताई, आता सकाळ-संध्याकाळ हाच लावू, चार दिवसांत ती मला ओळखेल. मग जीभ चावली. म्हणाली, तुमची परवानगी असेल तर. काशीने मान हलवली. ओढणी पुढे केली तर रतनने तिच्या हातात परत ठेवली, म्हणाली, ही लागत नाही ओ आता. मग अडखळत विचारलं, तुम्हाला पाठवू का तो व्हिडिओ? काशीकडे साधा फोन. मागून अनंता बोलला. सकाळपासून पहिल्यांदाच बोलला.

"माझ्या नंबरावर टाका."

येताना कुठल्यातरी वळणावर त्याच्या खिशात टिंग वाजलं. त्याने खिशाला हात लावला आणि परत स्टेअरिंगवर ठेवला. काशीच्या मांडीवर ओढणी होती, दुधाने ओली, आणि ती बाहेर बघत होती.

घरी पोचेपर्यंत पारड्यांची वेळ झाली होती. मी चूल पेटवली, दूध कोमट केलं, कारण तिच्याने होईल असं मला वाटलं नाही. पण ती बाटल्या घेऊन गेलीच. ओढणी न घेता. ती मागच्या दोरीवर वाळत पडली होती. मी माझ्या बाटल्या घेऊन मागोमाग गेले तर ही गोठ्याच्या दारात उभी, आत जाईना. तोंड उघडत होती, मिटत होती. मग तिने हाक मारली.

"ये गो बाय."

घसा पार गेलेला. दोन वर्षं न वापरलेला आवाज, खरखरीत, मध्येच फाटलेला. पोरीसारखा तर नव्हताच, तिचा स्वतःचाही नव्हता. त्या मुक्या पारड्यांनी गोठ्यात कधी माणसाचा आवाज ऐकलेला नाही. त्या दचकून मागच्या भिंतीला जाऊन चिकटल्या. एक तर दावं ओढून पडलीच. काशीने पुन्हा हाक मारली. त्या आणखी मागे सरल्या. तिने पुन्हा मारली, आणि पुन्हा, आणि शेवटच्या वेळी "बाय" म्हणेपर्यंत आवाज पोचलाच नाही.

ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली. बाटली छातीशी धरलेली, बोंडीतून दूध गळून साडी भिजत होती. माझ्याकडे बघितलं. लहान पोर पडून उठल्यावर बघतं तसं.

"आक्का," म्हणाली, "आता दुखतंय."

पलीकडे घरात अनंताने व्हिडिओ लावला होता, तो मला ऐकू येत होता, म्हणजे तिलाही येत होता. मी तिच्याशेजारी बसले. तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि पडलेल्या पारडीला हात पुढे केला.